बायजाआजींनी फोन पारखला

बाळकुमला आमच्या सोसायटीची बी विंग जिथे उभी आहे तिथे बायजाआजींचं भाताचं शेत होतं. ही माहिती बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत नाही. ती आजींकडून मिळते, आणि न विचारता मिळते. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्या नारळ घेऊन आल्या, घरभर फिरल्या, आणि स्वयंपाकघरात थांबून म्हणाल्या की हा इथं बांध होता, इथं खेकडे चांगले मिळायचे. तेव्हापासून ओट्यापाशी उभं राहताना माझी बायको जरा जपून पाय टाकते.

आजी सत्तरीच्या पुढच्या. नक्की किती, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि आधार कार्डालाही नाही. कार्डावर सरळ एक जानेवारी टाकलेली आहे. माहेर कोलशेत, सासर बाळकुम. नवरा मिठागरावर होता, त्याच्या जोडीने त्यांनी वीसेक वर्षं मीठ ओढलं, भात लावला, कापला, झोडला. मग जमिनीला भाव आला आणि मुलगा काळुराम रातोरात शेठ झाला. काळुरामच्या गळ्यात जी साखळी आहे ती पाहून आमच्या सोसायटीच्या फाटकाला लावलेली साखळी लाजते. आजींमध्ये मात्र काही बदल झाला नाही. बंगला बांधला तरी त्या मागच्या पडवीतच बसतात, कारण तिथून रस्त्यावरचं माणूस दिसतं.

पण आजींची खरी ओळख ही नव्हे. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात भटजी येतात, मंत्र म्हणतात, दक्षिणा घेऊन पुढच्या मुहूर्ताला पळतात. लग्न लावते ती धवलारीण. मांडवाचा खांब उभा करायचा, उंबराची फांदी आणायची, हळद दळायची, नवरीला तेल लावायचं, प्रत्येक गोष्टीचा वेगळा धवला असतो आणि तो गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी मानत नाही. हे सगळं आजींना सासूने दिलं, तांदूळ कांडता कांडता. कागदावर एक अक्षर नाही. मानधन ठरलेलं नाही. लुगडं, नारळ, तांदूळ, जे देतील ते. अधिकार मात्र मोठा. आमच्या सोसायटीने अकरा लेखी तक्रारी करूनही न थांबलेला हळदीचा डीजे आजींनी नुसता तळहात वर केला की थांबतो. तेवढ्यासाठी तरी आम्ही सगळे फ्लॅटधारक त्यांचे आजन्म ऋणी आहोत.

आजींबरोबर गोदा असते. गोदाबाई आजींहून दोनचार वर्षांनी लहान, काटकुळ्या, आणि बोलण्याच्या बाबतीत इतक्या काटकसरी की मी त्यांना ओळखायला लागून सहा वर्षं झाली तरी आमचा संवाद ‘बरं हाय’च्या पुढे गेलेला नाही. आजी मांडवात बसल्या की गोदाबाई त्यांच्या उजव्या खांद्यामागे बसतात. आजी ओळ उचलतात, गोदाबाई ती झेलतात आणि पुढे नेतात, तेवढ्यात आजी श्वास घेतात आणि पुढची उचलतात. असं चाळीस वर्षं. गावात सगळे म्हणतात, धवला गावा तर बायजाने. गोदाबाईंचं नाव घ्यायचं कोणाला सुचत नाही, जसं घराचं कौतुक करताना जोत्याचं सुचत नाही.

आजींकडे बटणांचा फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवलेला. त्याचा उपयोग एकच. रोज सकाळी सहाला त्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या गोदाबाईंना फोन करायच्या आणि विचारायच्या, “हायस ना?” पलीकडून “हाय” आलं की फोन बंद. जगातल्या कुठल्याही कंपनीला असा ग्राहक परवडत नाही.

आणि यंदा गणपती झाल्यावर बातमी आली की गोदाबाई बाळकुम सोडणार. त्यांचा मुलगा बाबुराव आंबिवलीला स्थायिक झालेला, तिथे त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. इथली गोदाबाईंची खोली मोडकळीला आली होती आणि डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. आईने आता एकटं राहू नये असं मुलाला वाटलं, यात चुकीचं काहीच नव्हतं. दसऱ्यानंतर तो न्यायला येणार होता.

यावर सर्वांत अस्वस्थ झाली ती आजींची नात भावना. ती ठाण्याला एका लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी आजीचे धवले वहीत उतरवायचा प्रयत्न करते. प्रयत्न म्हणायचं कारण, आजींना धवला सांगता येत नाही, फक्त गाता येतो. मधेच थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय घरी एकट्याने गाताना त्या तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडायच्या, खाकरायच्या, पाणी मागायच्या आणि घशाला दोष द्यायच्या. भावनाची वही दोन वर्षांत अकरा पानांवर आली होती. आता गोदाआजी जायच्या आत सगळे धवले नीट रेकॉर्ड झाले पाहिजेत, आणि त्यासाठी चांगला फोन पाहिजे, असं तिने जाहीर केलं. तिचा स्वतःचा फोन चिरलेला होता आणि त्यात आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

काळुरामने एका वाक्यात विषय संपवला. आईसाठी घ्यायचाय ना, मग सगळ्यात महागातला घ्या.

पण घरात नातू विकी होता. विकीने जिममध्ये दंड कमावले आहेत आणि मोबाईलवर फोनची परीक्षणं बघून ज्ञान. त्याने आठ दिवस पडवीत तौलनिक अभ्यास मांडला. एका फोनमध्ये कॅमेरा असा की चंद्रावरचे खड्डे दिसतात. दुसऱ्यात पडदा असा की भर उन्हात वाचता येतो. तिसरा मधून दुमडतो. चौथ्याची चौकट विमानाच्या धातूची. आजी भाजी निवडत ऐकत असायच्या. चंद्रावरच्या खड्ड्यांबद्दल त्यांचं म्हणणं पडलं की आधी बाळकुम नाक्यावरचे बघा. दुमडणाऱ्या फोनला त्यांनी अनुभवाच्या जोरावर नापास केलं. आमचा सातबारा घडीवरच फाटला होता, म्हणाल्या, घडी पडेल तिथं वस्तू जाते. विमानाच्या धातूवर त्यांनी विकीकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने स्वतःहून पुढचा मुद्दा घेतला.

भावनाचा एकच प्रश्न असायचा, आवाज कसा घेतो. विकी म्हणायचा, अगं तो तर घेणारच, फ्लॅगशिप आहे. हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की आजींना वाटलं फोनचं आडनावच ते.

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही ठाण्याला निघालो. मला नेलं कारण माझ्या नाकावर चष्मा आहे आणि बारीक अक्षरातलं वाचायला असा माणूस लागतो, असं आजींचं मत. गोदाबाईंना आजींनी बोलावलं होतं. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. दोन रिक्षा करून आम्ही नौपाड्यातल्या एका थंडगार दुकानात पोचलो. दोघी म्हाताऱ्या चपला दाराबाहेर काढून आत आल्या, त्यामुळे सुरक्षारक्षकापासून सगळेच जरा ताठ झाले.

काउंटरवर साईनाथ नावाचा तरुण होता. देवासारखा शांत मुलगा. त्याने नवा, सर्वांत वरचा फोन मखमलीच्या तबकात ठेवून पुढे केला, जशी अंगठी करतात. आजींनी तो हातात घेतला, तोलला, मागून पुढून पाहिला, गालाला लावला. त्यांनी आजवर बैल, भात, सुकट आणि जावई एवढं पारखलेलं आहे. पद्धत तीच होती.

साईनाथने सांगितलं, बोट ठेवा, तुमच्याच बोटाने उघडेल. आजींनी ठेवलं. उघडेना. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. साईनाथने कापडाने काच पुसली, मग संकोचत बोटही पुसलं. आजींनी त्याला समजावलं की त्याची चूक नाही, बोटावरच्या रेघा मिठाने खाल्ल्या. मग त्याने चेहरा दाखवायला सांगितला. आजींनी पदर डोक्यावर घेतला, फोनकडे एकटक पाहिलं आणि कुलूप उघडलं. “वलखला मना,” त्या गोदाबाईंना म्हणाल्या. फोनला पहिला गुण तिथे मिळाला.

पाण्यात पडला तरी चालतो हे दाखवायला साईनाथने तो काचेच्या भांड्यात बुडवून काढला. आजींनी विचारलं, खाऱ्या पाण्यात चालेल का. तो प्रामाणिकपणे म्हणाला, खाऱ्या पाण्यात नको. आजींनी मान हलवली. अर्धा गुण गेला, पण मुलाला खरं बोलल्याबद्दल एक मिळाला.

मग विकीला राहवेना. त्याने फोनची सगळ्यात भारी करामत दाखवली. दुकानात आम्हा सगळ्यांचा फोटो काढला, मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांवर बोट फिरवलं, आणि ते गृहस्थ नाहीसे झाले. मागची भिंत जशीच्या तशी. आजी दचकल्या. त्यांनी वळून पाहिलं. गृहस्थ जागेवर होते, चार्जर बघत होते. तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं की लग्नाच्या फोटोतलं माणूस असं पुसून टाकलं तर त्याने केलेला आहेर परत कसा करायचा, कारण कोण आलं होतं ते फोटो बघूनच आठवतं. साईनाथच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आला नसावा.

“आता आवाज,” भावना म्हणाली.

साईनाथने रेकॉर्डिंग सुरू केलं. आजींनी घसा साफ केला आणि उंबराच्या फांदीचा धवला उचलला. तीन ओळी गायल्या आणि सवयीने थांबल्या. पण गोदाबाई दूर खुर्चीवर बसलेल्या होत्या, त्यांना आपणही गायचंय हे कळलंच नव्हतं. आजी फोनकडे बघत वाट पाहू लागल्या, झेल म्हणून. फोनने बहुधा काही आज्ञा मिळाली असं समजून गोड आवाजात सांगितलं की माफ करा, मला समजलं नाही. आजी फोनला म्हणाल्या, असू दे, तू नवीन हायस. मग त्यांनी हाताने खूण केली. गोदाबाई उठून आल्या आणि उजव्या खांद्यामागे आपल्या जागी उभ्या राहिल्या.

पुन्हा सुरुवात झाली. आता धवला चालायला लागला. आजी उचलत, गोदाबाई झेलत. दुकानातली गिऱ्हाइकं वळून उभी राहिली. एसीची घरघर, बाहेरचे हॉर्न, कोणाची तरी रिंगटोन, सगळं चालूच होतं, पण त्यातून त्या दोघींचा आवाज एकाच दोरासारखा सरकत होता. चार मिनिटांनी संपला तेव्हा चार्जरवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवली.

साईनाथने अभिमानाने रेकॉर्डिंग लावलं. सांगितलं, बघा, आजूबाजूचा गोंगाट हा फोन स्वतःच कापतो, फक्त तुमचा आवाज ठेवतो.

खरोखर एसी गेला होता. हॉर्न गेले होते. बायजाआजींचा आवाज घंटेसारखा स्वच्छ आला. एक ओळ, दुसरी अर्धी, आणि मग शांतता. पुन्हा अर्धी ओळ. पुन्हा शांतता, या वेळी जास्त लांब. मग ओळीचा नुसता शेवट. पुढे पुढे आवाज कमी आणि शांतता जास्त. फोनने एसी, हॉर्न आणि गोदाबाई अशा तिन्ही गोष्टी एका झाडूने लोटून दिल्या होत्या.

विकी फोनची पाठ बघत होता, जणू विमानाच्या धातूत काही बिघाड सापडेल.

“गोदा कय गेली?” आजींनी विचारलं.

साईनाथने खालमानेने सांगितलं की मागून येणारा आवाज फोनला गोंगाट वाटला असेल. सेटिंग बंद करता येतं. त्याने लगेच बंद केलं, पुन्हा गायला लावलं. आता ऐकवलं तेव्हा एसी आला, हॉर्न आले आणि दोघीही आल्या. भावनाने सुटकेचा श्वास सोडला. पण मी आजींकडे बघत होतो. त्या हे दुसरं रेकॉर्डिंग ऐकतच नव्हत्या. त्यांनी साईनाथला पहिलं, गोदाबाई नसलेलं, पुन्हा लावायला सांगितलं.

ते त्यांनी तीनदा ऐकलं. डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजत. घरी चौथ्या ओळीला दगा देणारा घसा काय प्रकार होता ते त्यांना तिथे, त्या थंड दुकानात कळलं. घसा ठणठणीत होता. ओळी त्यांच्याकडे नव्हत्याच. कधीतरी, दहा वर्षांपूर्वी म्हणा, वीस म्हणा, त्या एकेक शब्द सोडत गेल्या आणि मागचीने तो न बोलता उचलला. उचलणारीने कधी सांगितलं नाही, सोडणारीला कधी कळलं नाही.

“कवरी भोकं गो,” आजी हळूच म्हणाल्या. “जाल्यापेक्षा भोकंच जास्त.”

गोदाबाई मात्र भलत्याच विचारात होत्या. त्यांनी साईनाथच्या बाहीला हात लावला आणि दुसरं, दोघींचं, रेकॉर्डिंग लावायला खुणावलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी स्वतःचा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. गावातल्या लग्नांच्या व्हिडिओत त्या दिसतात, अर्ध्या, आजींच्या खांद्याआड. आवाज डीजेचा असतो.

“यो माजा हाय?” त्यांनी विचारलं.

भावना हो म्हणाली.

“मना वाटायचं, मी नुसती हूं हूं करतंय,” गोदाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून परत खुर्चीवर जाऊन बसल्या. माझ्या माहितीतलं त्यांचं हे सर्वांत लांब भाषण.

आता फोन घ्यायचा की नाही, यावर खलबत सुरू झालं. भावनाला राग आला होता. गोदाआजीला कचरा समजणारी वस्तू घरात नको, त्यापेक्षा साधा मधल्या दर्जाचा घेऊ, तो निदान अतिशहाणपणा करणार नाही. विकी पहिल्यांदाच बहिणीशी सहमत झाला. मीही चष्मा सावरून त्याच बाजूला झुकलो. साईनाथने मुकाट्याने तबक मागे घेतलं.

आजींनी ते परत पुढे ओढलं.

“त्योच घ्यायचा,” त्या म्हणाल्या. “गाव चालीस वर्सं मना सांगतंय, बायजा, तुज्यासारखी तूच. यानं दोन मिन्टात खरं काय ते सांगितलं.”

मग साईनाथकडे वळून त्यांनी अट घातली की ते झाडू मारायचं बटण मात्र कायमचं बंद कर, आणि कसं बंद केलंस ते माझ्या नातीला दाखव, म्हणजे चुकून चालू झालं तर कळेल. साईनाथने भावनाला दोनदा दाखवलं. पावती करताना त्याने विचारलं, गाणं परत कधी ऐकायला मिळेल. आजींनी त्याला लग्न कर म्हणून सांगितलं.

परतताना मी दोघींच्या रिक्षात होतो. आजींनी नवीन फोनवरून पहिला फोन लावायला लावला तो बाबुरावला. मी नंबर लावून दिला. आजी ओरडून बोलत होत्या, त्यामुळे निम्म्या ठाण्याला समजलं. त्यांचं म्हणणं असं होतं की आईला खुशाल ने, मुलाकडेच तिने राहावं, पण तुळशीचं लग्न झालं की परत आणून सोड. लग्नाच्या हंगामात ती माझ्याकडे राहील, पडवीशेजारची खोली रिकामी आहे, डोळ्यांचं काय ते भावना बघेल. आपल्याला ती का लागते हेही त्यांनी त्याला सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की निम्मे शब्द मी विसरलेय आणि ते तुझ्या आईकडे आहेत. मोठेपणा गेल्याचं काही दुःख त्यांच्या आवाजात नव्हतं. हरवलेली वस्तू शेजाऱ्याकडे सुखरूप आहे असं कळल्यावर माणूस बोलतं तसं त्या बोलत होत्या.

बाबुराव म्हणाला, “मावशी, लगीनसराई तुमची, पावसाला माजा. चालंल?”

गोदाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्या रिक्षाबाहेर बघत होत्या, पण ओठ हलत होते. गात असाव्यात.

दसऱ्याला तीन आठवडे होते. रोज दुपारी पडवीत रेकॉर्डिंग चालायचं. विकी पंखा बंद करणं आणि कोंबड्या हाकलणं या दोन खात्यांचा प्रमुख झाला. भावना फोन दोघींच्या मधोमध, उपड्या पायलीवर ठेवायची. चौथ्या दिवशी आजींनी एक नवीनच गोष्ट काढली. म्हणाल्या, आज गोदा पुढे बसेल, मी मागे. गोदाने सगळं पहिल्यापासून म्हणायचं, मी झेलणार.

गोदाबाई तयार होईनात. शेवटी बसल्या, तेही अंग चोरून. हळदीचा धवला त्यांनी उचलला, अगदी बारीक आवाजात, मग थोडा मोकळा, मग चांगलाच मोकळा. आजी मागून झेलायला गेल्या आणि उशिरा पोचल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा उशीर. तिसऱ्यांदा आधीच पोचल्या आणि गोदाबाईंच्या शब्दावर आपटल्या. डीजे थांबवणारी बाई घामाघूम झाली. गोदाबाई हसल्या नाहीत. ओळ संपवून शांतपणे थांबल्या, मागचीला श्वास मिळेपर्यंत.

आजींनी हात वर केला. “चालीस वर्सं तुना असं धावावं लागलं गो?”

“धावले नाय,” गोदाबाई म्हणाल्या. “तू पुढं व्हतीस. वाट दिसत व्हती.”

आजींनी कोपऱ्यातला तांब्या उचलला, पाणी ओतलं आणि आधी गोदाबाईंना दिलं. आमच्याकडे आभार मानायला शब्द आहेत, आणि आम्ही ते सोसायटीच्या सभेत दर वर्षी वापरतो. त्या पडवीत तांब्यावर भागलं.

फोन चालूच होता. भावनाच्या लक्षात आलं तेव्हा तिने विचारलं की हे मधलं बोलणं काढून टाकू का, म्हणजे नुसता धवला राहील, स्वच्छ.

“काय नको काढू,” आजी म्हणाल्या. “त्यात गोदा बोललीय.”